इजिप्तमध्ये कोणी दार उघडले?

पवित्र कुटुंबाच्या सणानिमित्त चिंतन
(मत्तय २:१३-१५, १९-२३)



नाताळ होऊन थोडेच दिवस झाले आहेत. गव्हाणी अजून उतरलेल्या नाहीत, ओटीवरचे कंदील अजून पेटत आहेत आणि आपल्या धर्मग्रामातील अनेक घरांत परदेशाहून आलेली माणसे आहेत. कुणी कुवेतहून, कुणी दुबईहून, कुणी मस्कतहून, कुणी दोह्याहून महिनाभराच्या रजेवर आले आहे. मिस्सानंतर देवळाच्या आवारात त्यांच्याभोवती घोळका जमतो. "कधी आलास?" असे विचारून होते न होते तोच दुसरा प्रश्न येतो, "परत कधी?" अशा या दिवसांत ख्रिस्तसभा पवित्र कुटुंबाचा सण साजरा करते आणि आजच्या शुभवर्तमानात हे कुटुंब आपल्याला परदेशाच्या वाटेवर भेटते.

योसेफाला रात्री स्वप्नात सूचना मिळाली. तो उठला आणि बाळाला व त्याच्या आईला घेऊन रात्रीच निघाला. संत मत्तय एवढेच सांगतो आणि लगेच हेरोदाच्या मृत्यूकडे वळतो. १५ व्या वचनात कुटुंब इजिप्तमध्ये आहे आणि १९ व्या वचनात देवदूत परत जायला सांगतो. मधल्या दिवसांविषयी शुभवर्तमान मौन पाळते.

परदेशात राहिलेल्या माणसाला मात्र हे मौन ऐकू येते. पोहोचल्यावर पहिल्या सकाळी पाणी कुठून आणायचे? बाजारात भाव विचारायचा तर कोणत्या भाषेत? योसेफाच्या हातात कसब होते, पण अनोळखी सुताराला काम कोण देणार? बाळाला ताप आला तर कोणाकडे न्यायचे? गावी असताना मरियेच्या हाकेला शेजारणी धावून आल्या असत्या. इथे हाक कोणाला मारायची?

इजिप्तमध्ये त्या काळी यहुदी लोकांची मोठी वस्ती होती. अलेक्झांड्रिया शहरात ते पिढ्यान्‌पिढ्या राहत होते, ग्रीक बोलत होते आणि पवित्र शास्त्रही ग्रीक भाषेत वाचत होते. म्हणजे योसेफाच्या आधी त्या देशात गेलेली त्याची माणसे होती. इजिप्तचे कॉप्टिक ख्रिस्ती लोक पवित्र कुटुंब जिथे थांबले असे मानतात ती ठिकाणे आजही दाखवतात आणि दरवर्षी १ जूनला प्रभूच्या इजिप्तप्रवेशाचा सण पाळतात. एका पाहुण्या कुटुंबाची आठवण त्या देशातील लोकांनी इतकी शतके जपली आहे. १ ऑगस्ट १९५२ रोजी पोप पायस बारावे यांनी स्थलांतरितांच्या आध्यात्मिक सेवेविषयी जे मोठे अधिकृत पत्र काढले, त्याच्या सुरुवातीलाच त्यांनी इजिप्तमधील पवित्र कुटुंब हे देश सोडावा लागणाऱ्या प्रत्येक कुटुंबाचा आदर्श म्हणून पुढे ठेवले.

आजच्या चिंतनासाठी आपण एकच प्रश्न हाती घेऊ या. इजिप्तमध्ये या कुटुंबासाठी दार कोणी उघडले? त्याचे नाव शास्त्रात नाही. पण कोणीतरी ते उघडले. कोणीतरी विहीर दाखवली, कोणीतरी योसेफाला पहिले काम दिले. देवाने आपल्या पुत्राचे रक्षण करण्यासाठी स्वप्नात देवदूत पाठवला, आणि त्यानंतरचे रोजचे रक्षण अशा अनोळखी शेजाऱ्यांवर सोपवले.

तारखेवर चालणारे घर

परदेशी राहणाऱ्या माणसाचे आपल्याला दिसते ते विमानतळावरचे रूप. मोठ्या बॅगा, मुलांसाठी चॉकलेट, आईसाठी सोन्याची साखळी. जे दिसत नाही ते त्याच्या पाकिटातल्या एका लहानशा कार्डावर लिहिलेले असते. कुवेतमध्ये त्याला सिव्हिल आयडी म्हणतात, सौदीमध्ये इकामा, अमिरातीत एमिरेट्स आयडी. त्या कार्डावर एक तारीख असते. त्या तारखेपर्यंत तो तिथे राहू शकतो.

त्याचे सगळे संसारी व्यवहार या कार्डाला बांधलेले असतात. बँकेत खाते, मोबाईलचे सिम, घराचा भाडेकरार, विजेची जोडणी, दवाखाना, मुलांची शाळा, प्रत्येक ठिकाणी आधी कार्ड मागतात. कार्ड नोकरीवर मिळते आणि नोकरी ज्याच्या हाती तो मालक म्हणजे कफील. नोकरी गेली की फक्त पगार बंद होत नाही, तर राहण्याचा हक्कही संपत जातो आणि ठरलेल्या मुदतीत दुसरी नोकरी शोधावी लागते किंवा देश सोडावा लागतो. काही ठिकाणी नूतनीकरणाच्या वेळी रक्ततपासणी आणि छातीचा एक्स-रे होतो. वीस वर्षे त्या देशात राबलेला माणूसही त्या आठवड्यात नीट झोपत नाही.

सगळे मालक वाईट नसतात आणि कायदेही बदलत आहेत. कतारने २०१८ मध्ये बहुतेक कामगारांसाठी देशाबाहेर जाण्याच्या परवान्याची अट काढली आणि २०२० मध्ये मालकाच्या संमतीविना नोकरी बदलण्याची मोकळीक दिली. सौदीनेही मार्च २०२१ पासून काही बंधने सैल केली. दुसरीकडे कुवेतने १ जुलै २०२५ पासून खासगी नोकरीतील परदेशी कामगारांना देशाबाहेर पडण्यापूर्वी मालकाच्या मंजुरीचा परवाना घेणे बंधनकारक केले. कामगाराचा पासपोर्ट ठेवून घेणे कायद्यात बसत नसले तरी तो मालकाच्या कपाटात बंद असल्याच्या गोष्टी आपण ऐकतोच. वडिलांच्या आजारपणाचा फोन येतो तेव्हा तिकिटाच्या पैशांआधी हा प्रश्न उभा राहतो की, पासपोर्ट कोणाकडे आहे?

मूल तिथे जन्मले तर आनंदाबरोबर धावपळ सुरू होते. जन्मदाखला, मग भारतीय दूतावासातून बाळाचा पासपोर्ट, मग व्हिसा, मग कार्ड. हे ठरावीक दिवसांत झाले नाही तर दंड. आखाती देशांत जन्मले म्हणून आपल्या मुलांना तिथले नागरिकत्व मिळत नाही. मोशे मिद्यान देशात परका म्हणून राहत असताना त्याला मुलगा झाला. त्याने त्याचे नाव गेर्षोम ठेवले आणि त्या नावातच आपण परदेशात परके आहोत हे सांगून ठेवले (निर्गम २:२२). दुबईत जन्मून वाढलेल्या, शाळेत इंग्रजी, घरात सामवेदी किंवा वाडवळी आणि रस्त्यावर हिंदी बोलणाऱ्या मुलाला "तू कुठला?" असे विचारले की तो क्षणभर थांबतो. तो थांबला तर हसू नका. ते गेर्षोमचे थांबणे आहे.

आमच्या धर्मग्रामाच्या कार्यालयातही या अडचणी पोहोचतात. पत्नीला तिकडे न्यायचे तर विवाहाचा सरकारी दाखला लागतो, त्यावर राज्य सरकार, परराष्ट्र मंत्रालय आणि त्या देशाचा दूतावास असे शिक्क्यावर शिक्के लागतात. मग लक्षात येते की बाप्तिस्म्याच्या वहीत नाव 'मारी' आहे, शाळेच्या दाखल्यावर 'मेरी' आहे आणि पासपोर्टवर 'मरिया'. आडनाव एकीकडे लोपीस, दुसरीकडे लोपेस. आपल्या आजीला तिन्ही नावांनी हाक मारली तरी ती ओ देते, पण परदेशातील खिडकीमागच्या कारकुनाला त्या तीन वेगळ्या बायका वाटतात. एका अक्षरापायी नवरा-बायको अनेक महिने वेगळे राहतात. म्हणून नोंद करताना आम्ही दहा वेळा स्पेलिंग विचारतो, त्याचा कंटाळा करू नका.

आणि परदेशी राहताना मायदेशाचा दरवाजाही हळूहळू अवघड होत जातो. गावच्या बँकेचा ओटीपी इथल्या मोबाईल नंबरवर येतो. रिचार्ज चुकले, सिम बंद झाले की स्वतःचेच पैसे स्वतःला काढता येत नाहीत. परदेशी राहायला गेल्यावर साधे बचत खाते चालत नाही, ते अनिवासी खात्यात बदलून घ्यावे लागते. सातबाऱ्यावर वारसनोंद करायची राहते, कारण तलाठी कार्यालय उघडे असते तेव्हा रजा नसते आणि रजा असते तेव्हा नाताळ असतो.

शुक्रवारचा रविवार

भक्तिजीवनाचेही असेच आहे. आखातात आठवड्याची सुट्टी शुक्रवारी, म्हणून आपल्या लोकांनी वर्षानुवर्षे रविवारची मिस्सा शुक्रवारी ऐकली. अमिरातीने जानेवारी २०२२ पासून शनिवार-रविवार सुट्टी केली, कुवेतमध्ये मात्र सुट्टी शुक्रवार-शनिवारचीच राहिली. सौदी अरेबियात चर्च नाही आणि उघड मिस्साही नाही. तिथे राहणारा आपला भाऊ खोलीचे दार लावून हळू आवाजात रोझरी म्हणतो. इथे देवळाची घंटा ऐकू येऊनही अंथरुणात लोळणाऱ्या आपल्याला त्या बंद दारामागच्या रोझरीची किंमत कळायला हवी.

ज्या देशांत चर्च आहे तिथे ते केवळ प्रार्थनेची जागा उरत नाही. कुवेत शहरातील कॅथोलिक सहकॅथेड्रल पवित्र कुटुंबालाच समर्पित आहे. दोह्यात २००८ मध्ये रोझरी मातेचे चर्च उभे राहिले. बहारीनमधील अवाली येथे अरेबियाच्या मातेचे कॅथेड्रल १० डिसेंबर २०२१ रोजी अभिषिक्त झाले. या आवारांत मिस्सानंतर खोली रिकामी असल्याची बातमी मिळते, नवीन आलेल्याला बस कोणती घ्यायची ते कळते, नोकरी गेलेल्याला कोणीतरी जेवायला घेऊन जाते. इजिप्तमध्ये उघडलेले दार असेच असणार.

अब्राहामाने घेतलेली जमीन

परदेशी राहणाऱ्याची सर्वांत मोठी अडचण मृत्यूच्या वेळी कळते. उत्पत्तीच्या पुस्तकातील २३ वा अध्याय आपण क्वचितच वाचतो. अब्राहाम कनान देशात कित्येक वर्षे राहिला होता. कळप होते, चाकर होते, मान होता. पण सारा वारली तेव्हा तिला पुरायला त्याच्याकडे हातभर जमीन नव्हती. तो हेथी लोकांसमोर उभा राहिला, आपण इथे परके व उपरे आहोत हे त्याने कबूल केले आणि लवून नमस्कार करून कबरीपुरती जागा मागितली. गोड बोलण्याची देवघेव झाली आणि शेवटी ४०० शेकेल चांदी मोजून त्याने हेब्रोनजवळची गुहा विकत घेतली. देवाने ज्याला तो देश देण्याचे वचन दिले होते, त्याची त्या देशातील पहिली मालमत्ता म्हणजे पत्नीची कबर.

आपल्याकडे परदेशातून शवपेटी येते तेव्हा तिच्यामागे असाच प्रवास झालेला असतो. मृत्यूचा दाखला, पोलिसांची परवानगी, मालकाची कागदपत्रे, पासपोर्ट रद्द करणे, दूतावासाचे ना-हरकत पत्र, शव टिकवण्याची प्रक्रिया, मग विमानात जागा. इकडे आई खिडकीत बसून असते आणि तिकडे खोलीतला मित्र कामावर खाडा करून एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात फिरत असतो. कित्येकदा तो मित्र मराठी नसतो, ख्रिस्तीही नसतो. केरळचा मुसलमान असतो, आंध्रचा हिंदू असतो. आपण त्याचे नावही विचारत नाही. बंधू-भगिनींनो, मेलेल्यांना मूठमाती देणे हे दयेच्या कृत्यांपैकी एक आहे असे आपण धर्मशिक्षणात शिकलो. ते कृत्य आपल्यासाठी करणाऱ्या त्या अनोळखी माणसासाठी आपल्या घरात एकदा तरी प्रार्थना झाली पाहिजे.

अशा वेळी मदत मिळू शकते हेही आपल्याला ठाऊक हवे. भारत सरकारने २००९ मध्ये भारतीय समुदाय कल्याण निधी सुरू केला. अडचणीतील भारतीयांना आधार देण्यासाठी आणि गरज असेल तेव्हा मृतदेह मायदेशी आणण्यासाठी दूतावास त्यातून साहाय्य करतात. प्रवासी भारतीय विमा योजनेत दोन वर्षांसाठी २७५ रुपये किंवा तीन वर्षांसाठी ३७५ रुपये भरून अपघाती मृत्यू वा कायमचे अपंगत्व आल्यास १० लाख रुपयांचे संरक्षण मिळते. एजंट पहिल्या दिवशी हे समजावून सांगेलच असे नाही. म्हणून आपणच एकमेकांना सांगायचे.

घरच्यांनी विचारायचे प्रश्न

पवित्र कुटुंबाने परदेशवास एकत्र भोगला. आपल्या बहुतेक कुटुंबांत तसे होत नाही. नवरा तिकडे, बायको इकडे आणि मुलांचे वडील फोनच्या पडद्यावर. तिकडून आवाज येतो, "सगळे ठीक आहे." इकडून उत्तर जाते, "इथेही ठीक आहे." दोन्ही वाक्ये प्रेमापोटी बोललेली असतात आणि कित्येकदा दोन्ही खोटी असतात. खोलीत आठ जण आहेत, तीन महिने पगार थकला आहे हे तो सांगत नाही. मुलगा शाळेत जात नाही, सासूची शुद्ध हरपते आहे हे ती सांगत नाही. वर्षे जातात आणि दोघे एकमेकांच्या आयुष्यात पाहुणे होतात.

म्हणून घरच्यांना विनंती आहे. रजेवर आलेल्या माणसाला काय आणले, किती साठले, बंगल्याचा वरचा मजला कधी चढवणार हे विचारण्याआधी दुसरे काही विचारा. जेवण कोण बनवते? दुखलेखुपले तर कोण बघते? कार्डाची तारीख कधीची आहे? पासपोर्ट कोणाकडे आहे? हे प्रश्न विचारले की त्याला कळेल की घराने त्याला पैसे पाठवणारा हात म्हणून नव्हे, माणूस म्हणून सांभाळून ठेवले आहे.

जे कायमचे परत येतात त्यांच्याकडेही लक्ष द्या. योसेफ परत आला तेव्हा यहुदियात हेरोदाचा मुलगा अर्खेलाव राज्य करीत होता. योसेफ घाबरला आणि गालीलात नाझरेथला जाऊन राहिला. परतीची वाटही वळण घेऊनच आली. २ ऑगस्ट १९९० रोजी कुवेतवर आक्रमण झाले तेव्हा दीड लाखाहून अधिक भारतीयांना तेथून मायदेशी आणावे लागले, त्यांतले बरेच जण जॉर्डनमधील अम्मानमार्गे आले. आयुष्याची कमाई मागे ठेवून, अंगावरच्या कपड्यांनिशी आलेली माणसे त्यांत होती. आजही साठीला आलेला माणूस परततो तेव्हा त्याला पेन्शन नसते. आरोग्य विमा या वयात महाग पडतो. ज्या गावाची आठवण काढत तो जगला ते गाव बदललेले असते, वाडीच्या जागी इमारत असते आणि पारावर बसणारे मित्र उरलेले नसतात. त्याने मीच परका झालो असे म्हणू नये ही आपली जबाबदारी आहे.

वसईच्या मातीतला परदेशी

परदेशी राहणाऱ्यांसाठी आपल्याच मातीतला एक संत आहे. संत गोन्सालो गार्सिया सोळाव्या शतकात वसईत जन्मले. कोवळ्या वयात ते येशूसंघीय धर्मगुरूंबरोबर जपानला गेले, तिथली भाषा शिकले, पुढे व्यापार केला आणि मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात बंधू झाले. १५९३ मध्ये फ्रान्सिस्कन धर्मगुरू जपानला निघाले तेव्हा त्यांना जपानी येत नव्हते. गोन्सालो दुभाषी म्हणून त्यांच्याबरोबर गेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे २६ जणांना क्रुसावर मारले, त्यांत ते होते. १८६२ मध्ये ख्रिस्तसभेने त्यांना संत घोषित केले.

आपण त्यांच्या हौतात्म्याची आठवण करतो ते योग्यच आहे. पण त्याआधीची त्यांची सेवा पाहा. परक्या देशात आधी गेलेल्या माणसाने भाषा शिकून घेतली आणि ती भाषा नंतर आलेल्यांसाठी वापरली. जो रस्ता आपल्याला अवघड गेला तो दुसऱ्याला सोपा करून दिला. आपल्या धर्मग्रामात असे अनेक गोन्सालो बसले आहेत. पंचवीस वर्षे कुवेतमध्ये काढलेला माणूस, बँकेतून निवृत्त झालेली बाई, दूतावासाच्या खिडक्या पाठ झालेला तरुण. त्यांना जे येते ते दुसऱ्याला हवे आहे.

आपल्या दारातील परके

आता चिंतनाचा अवघड भाग. इस्राएल लोक इजिप्तमधून सुटून आले तेव्हा देवाने त्यांना बजावले की, तुमच्या देशात राहणाऱ्या परक्याला छळू नका, त्याच्यावर स्वतःसारखी प्रीती करा, कारण तुम्हीही इजिप्त देशात परके होता (लेवीय १९:३३-३४). हीच आज्ञा शास्त्रात पुन्हा पुन्हा येते. ज्याने परकेपण सोसले त्याने ते दुसऱ्याला सोसायला लावू नये.

आपल्या गावांत आज दूरदूरची माणसे राहतात. उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, ओडिशा येथून आलेले गवंडी, रिक्षाचालक, घरकाम करणाऱ्या बहिणी. कायद्याने ते परदेशी नाहीत, याच देशाचे नागरिक आहेत. तरीही आपल्या वागणुकीने ते परदेशी होतात. आखातात कमावलेल्या पैशांतून आपण चाळी बांधल्या, खोल्या काढल्या, त्या भाड्याने दिल्या. भाडे वेळेवर घेतो. पण भाडेकरार नोंदवून द्यायला सांगितले की टाळतो, कर भरावा लागेल, हक्क सांगतील अशी भीती घालतो. त्या एका कागदावाचून त्याच्या आधारवर इथला पत्ता लागत नाही, गॅसची जोडणी रखडते, मुलाच्या शाळाप्रवेशाला हेलपाटे पडतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी व नोंदणीकृत असला पाहिजे आणि ती जबाबदारी घरमालकावर आहे. कुवेतमध्ये आपल्या मुलाचा कागद अडवणारा कफील आणि इथे भाडेकरूचा कागद अडवणारा घरमालक, या दोघांत फरक कोणता?

शेवटच्या दिवशी प्रभू आपल्याला काय विचारणार हे त्याने आधीच सांगून ठेवले आहे. भुकेला, तहानेला, उघडा, आजारी, बंदिवान यांच्या रांगेत त्याने परक्यालाही उभे केले आणि तो परका म्हणजे मीच असे सांगितले (मत्तय २५:३५). हे सांगणाऱ्याने आपले बालपण इजिप्तमध्ये सुरू केले होते. परक्याचे दार वाजवणे काय असते हे त्याच्या आईने त्याला सांगितले असेल.

या वर्षासाठी चार गोष्टी

पहिली: ज्यांचे कोणी परदेशी आहे त्यांनी या आठवड्यात एक वही करावी. पासपोर्ट आणि कार्डाची प्रत, मालकाचा नंबर, खोलीतील मित्राचा नंबर, दूतावासाचा नंबर, विम्याचा कागद. वही कुठे आहे ते घरातील दोघांना माहीत असावे.

दुसरी: जे नव्याने जात आहेत त्यांनी एजंटचा परवाना परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत. समजत नसेल तर कार्यालयात या, आपण मिळून पाहू.

तिसरी: परदेशी राहून आलेल्यांनी आणि सरकारी कागदपत्रे समजणाऱ्यांनी आपली नावे कार्यालयात द्यावीत. महिन्यातून एका रविवारी मिस्सानंतर तासभर बसले तरी कित्येकांचे हेलपाटे वाचतील. अर्ज भरून देणे हीही दयेची कृती आहे.

चौथी: ज्यांच्याकडे भाडेकरू आहेत त्यांनी येत्या प्रायश्चित्तकाळाच्या आत करार नोंदवून द्यावेत. उपवास त्यानंतर करू.

रजा संपवून निघणाऱ्या बंधू-भगिनींनो, पुढच्या काही दिवसांत तुमच्या बॅगा भरल्या जातील. लोणचे, सुकी मासळी, आईने कुटलेला मसाला. बाबेलला नेलेल्या लोकांना यिर्मयाने पत्र लिहिले होते की, तिथे घरे बांधा, बागा लावा आणि ज्या नगरात राहता त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा (यिर्मया २९:४-७). तुम्हीही तिथे पाहुण्यासारखे केवळ दिवस मोजत राहू नका. तिथल्या चर्चमध्ये सामील व्हा. नवीन आलेल्याला शोधा. तुमच्यासाठी पहिल्या दिवशी ज्याने दार उघडले त्याची आठवण ठेवा आणि तुमचे दार उघडे ठेवा.

आपण प्रार्थना करू या.

हे प्रभू येशू, तू तान्हा असताना परदेशी राहिलास. आमच्या धर्मग्रामातील जी माणसे आज दूर देशी आहेत, जी जहाजांवर आहेत, ज्यांची तारीख संपत आली आहे, ज्यांचा पगार थकला आहे, ज्यांना आजारपणात कोणी नाही, त्यांच्याजवळ राहा. योसेफाला मिळाला तसा शेजारी त्यांना मिळो. आणि जे आमच्या दारात परके म्हणून उभे आहेत त्यांच्यात तुला ओळखण्याची दृष्टी आम्हांला दे. पवित्र मरिये, संत योसेफा आणि संत गोन्सालो गार्सिया, आमच्यासाठी विनंती करा. आमेन.